तलवाड्याची फियाट

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले तलवाडा हे गाव त्वरितादेवीमुळे ओळखले जाते. टेकडीवर देवीचे देऊळ, नवरात्रातली गर्दी आणि भोवताली कापसा-उसाची काळी राने. तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते. तिच्या काठी राक्षसभुवन आहे. तिथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. त्यामुळे या भागात कोणी देवीला येतो, कोणी इतिहास शोधत येतो. मी मात्र वर्षानुवर्षे इथे येतो तो कापसासाठी. विस्तार अधिकाऱ्याची नोकरी म्हणजे पायाला भिंगरी आणि तोंडाला विश्रांती नाही, असा मामला.

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. गुलाबी बोंडअळीने शेतकऱ्यांचा जीव मेटाकुटीला आणला होता. ‘आता फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या उपटा, रान मोकळे करा, म्हणजे अळीचा जीवनक्रम तुटेल’ हे सांगत मी शिवारे तुडवत होतो. दुपारी तात्यांच्या घरी चहाला थांबलो. तात्या माझे जुने स्नेही. वय साठीच्या पुढे, जमीन बेताची, पण माणूस नेटका. चहा झाल्यावर म्हणाले, “साहेब, तुमाला एक दाखवायचंय. हसू नका मातर.”

बैलजोडी विकल्यापासून त्यांचा गोठा रिकामाच होता. आत ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवले होते. तात्यांच्या धाकट्याने ताडपत्री ओढली आणि मी पाहतच राहिलो. फिकट हिरव्या रंगाची फियाट! चाकांत हवा, काचा पुसलेल्या, बॉनेटवर कोंबडीचे एक पीस. धाकटा आयटीआय झालेला आहे. सहा महिने खपून त्याने इंजिन चालू केले होते. किल्ली फिरवली तसा गोठा दणाणला आणि शेजारच्या दावणीतली म्हैस बिथरली.

या गाडीची कुळकथा सांगितली पाहिजे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद हे नाव आपल्याकडे वालचंदनगरच्या साखरेमुळे घरोघरी ठाऊक आहे. त्याच गृहस्थांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिथे फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. १९५४ नंतर जी गोलमटोल फियाट ११०० रस्त्यावर आली, तिला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले. पुढे आकार बदलून चौकोनी झाला. करार संपल्यावर १९७२ मध्ये त्याच गाडीचे नाव ‘प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. तात्यांची गाडी १९७३ सालची, म्हणजे प्रेसिडेंट. पण नावे कितीही बदलली तरी लोक फियाटच म्हणत राहिले.

पैठणच्या धरणाचा उजवा कालवा तालुक्यात आला, तात्यांच्या वडिलांनी, आबांनी, उसाची लागण केली आणि १९८७ साली उसाच्या बिलातून औरंगाबादच्या एका डॉक्टरांकडून ही जुनी गाडी घेतली. (त्या शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले.) पुढे सतरा वर्षे ती गाडी एकट्या आबांची राहिलीच नाही. अडलेली बाळंतीण, साप चावलेला गडी, परीक्षेला निघालेली पोरे, नवरा-नवरी, सगळे तिच्यातून गेले. आबा डिझेल-पेट्रोलचा हिशेब कोणाकडे मागत नसत. ज्याला जमेल तो देई. २००४ साली गाडी एकदा बंद पडली ती पडलीच.

आता आबा नव्वदीला टेकलेले. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. ओट्यावर बसून रोज एकच विचारायचे, “गाडीचं काय झालं रे?”

इंजिन सुरू झाले, पण आतली बाजू पार गेलेली होती. उंदरांनी गाद्या कुरतडल्या होत्या, छताचे अस्तर लोंबत होते, दारांचे पुठ्ठे ओल लागून फुगले होते. गेवराईतल्या एका गॅरेजवाल्याने सोपा उपाय सांगितला. अपघातात गेलेल्या नव्या मोटारीच्या दोन सुट्या खुर्च्या टाका, दारांना प्लॅस्टिक ठोका, काम फत्ते. धाकट्याने तसे केले. आबांना हाताला धरून गाडीत बसवले. आबांनी बसल्या जागी हात फिरवला. पूर्वीची पुढची सीट म्हणजे एकसलग बाक होता, इकडच्या दारापासून तिकडच्या दारापर्यंत. हात मधल्या फटीत गेला. दाराकडे गेला, काचेचे हँडल सापडेना. आबा म्हणाले, “पोरा, ही कुणाची गाडी आणलीस?”

बस्स. दुसऱ्या दिवशी धाकट्याने त्या खुर्च्या काढून टाकल्या. तेव्हापासून घरातली सगळी माणसे गाडीच्या आतल्या सामानाच्या शोधात होती.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे हिशेबाला लागलो. म्हणालो, “तात्या, औंदा कापसाची ही गत. या पैशात ठिबक होईल.” तात्या म्हणाले, “ठिबक पुढच्या सालीबी होईल, साहेब. आबा नव्वदीला आलेत. अन् शेवटची बैलजोडी इकली त्याचे पैसे मी बाजूला ठिवलेत. त्याच्या बाहेर रुपाया जाणार न्हाई.” यावर मला बोलता आले नाही. उलट ‘पुण्याला माझी बहीण असते, जायचे तेव्हा मीही येतो’ असे बोलून मी त्यात अडकलो.

वाचकहो, जुन्या गाडीचे इंजिन जागे करणे तुलनेने सोपे, हे मला या प्रकरणात समजले. इंजिनाचे भाग झिजतात हे कंपनीला, दुकानदाराला, मिस्त्रीला, सर्वांनाच ठाऊक असते. म्हणून ते दुकानात साठवलेले असतात. फियाटच्या हजारो टॅक्स्या मुंबईत धावत होत्या, त्यामुळे तो माल पुष्कळ निघाला. पण दाराचा पुठ्ठा, काचेचे हँडल, छताचे अस्तर, हात टेकायची पट्टी हे ‘सुटे भाग’ आहेत असे कोणालाच कधी वाटले नाही. फाटले की जवळच्या कुशनवाल्याकडे जाऊन आवडेल त्या रंगाचे घालून घ्यायचे. गाडी भंगारात गेली की भंगारवाला लोखंड तोलतो, पितळ वेगळे काढतो आणि पुठ्ठा, काथ्या, रेक्झिन फेकून देतो. ज्याला माणसाचा हात रोज लागला तेच सगळ्यात आधी नाहीसे होते.

पहिल्यांदा आम्ही शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडून छत्रपती संभाजीनगरला गेलो. दिवसभर हिंडून दारांचे रबर आणि बीडिंग मिळाले. बाकी दुकानदारांनी हात वर केले. मग पुण्याची नाना पेठ. मोटारीच्या सुट्या भागांची ती पेढीच म्हणायची. तिथल्या एका वयस्क दुकानदाराने प्रेमाने बसवून घेतले, चहा पाजला आणि सांगितले, “इंजिनाचं, ब्रेकचं काही सांगा, शोधून देतो. आतलं मागू नका. ते तुम्हाला भंगारात बघावं लागेल, नाहीतर करून घ्यावं लागेल.” त्याने आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. पद्मिनीचे उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले, पण तोवर आतली मांडणी वेळोवेळी बदलत गेली होती. म्हणून ‘फियाटचे आहे’ एवढ्यावर विसंबू नका, जुना तुकडा बरोबर घेऊन फिरा आणि जुळवून पाहा.

हे ऐकूनही आम्ही फसलोच. एका शहरात एका दुकानात काचेची चार हँडले चकचकीत पुडक्यात मिळाली. “अस्सल आहेत,” दुकानदार म्हणाला. अठराशे रुपये मोजले. तलवाड्याला येऊन बसवायला गेलो तर दाराच्या दांड्यावरचे दाते आणि हँडलाच्या भोकातले दाते जुळेनात. बसवले तर काच खाली जाण्याऐवजी हँडलच गरगर फिरे. दुकानदाराने परत घेतली नाहीत. चूक आमचीच. दाते मोजायचे असतात हे आम्हाला कुठे माहीत! बियाणे घेताना पिशवीवरचा टॅग वाचा, लॉट नंबर बघा, पावती जपून ठेवा, असे तीस वर्षे लोकांना सांगणारा मी पावतीशिवाय माल घेऊन आलो होतो.

मुंबईला तात्या आणि धाकटा दोघेच गेले. मुंबईत फियाट टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्यापूर्वीच्या वर्षांत हजारो टॅक्स्या मोडीत निघाल्या होत्या. बापलेकांनी चोरबाजाराची मटन स्ट्रीट पालथी घातली, मग कुर्ल्याची भंगाराची दुकाने. तिथे एका गाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली टॅक्सीची दोन दारे सापडली. दोन्हींवर मूळची हँडले शाबूत. वरचा मुलामा उडालेला, पण दाते मोजून बरोबर. तात्यांनी दोन हँडलांचे आठशे रुपये दिले. परत आल्यावर मला म्हणाले, “साहेब, दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी पोरीचं नाव कोरलेलं व्हतं. टॅक्सीवाल्याची लेक असंल. दार तिथंच राहिलं.”

अशी दोन हँडले झाली. तिसरे गाडीला मूळचेच होते. चौथे पाहिजे होते. तेव्हा आजी, म्हणजे आबांच्या पत्नी, आत गेल्या आणि सुईदोऱ्याचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात बटणे, मोडके काजवे, एक गंजलेली कात्री आणि तळाशी चौथे हँडल. मूठ तुटलेली, पण दात्यांचा गाभा शाबूत. “तुटलं तवा ठिवलं व्हतं,” एवढेच म्हणाल्या. वीस-पंचवीस वर्षे तो तुकडा त्यांनी का ठेवला, हे त्यांनाही सांगता आले नसते. आपल्या घरातल्या बायका काही टाकत नाहीत म्हणून आपण चिडतो. त्या दिवशी मी मनातल्या मनात हात जोडले.

चांगले हँडल नमुना म्हणून घेऊन एका ओतारी कारागिराकडून पितळेची मूठ ओतून घेतली. इथेही एक गोष्ट शिकलो. ओतलेले पितळ निवताना आकसते, शंभराला सुमारे दीड या प्रमाणात. म्हणून नमुन्यावरून सरळ साचा घेतला तर वस्तू मूळ वस्तूपेक्षा लहान निघते. कारागिराने नमुन्यावर मेणाचा पातळ हात दिला, मग वाळूत साचा घेतला. दाते काही ओतून नीट येत नाहीत. म्हणून आजींच्या डब्यातल्या तुटक्या हँडलाचा गाभा कापून नव्या मुठीत बसवला आणि वरून मुलामा दिला. चार दारांना चार हँडले झाली.

दारांच्या पुठ्ठ्यांची गोष्ट ऐकाल तर हसाल. धाकट्याने आधीच्या उत्साहात जुने पुठ्ठे आणि गाद्यांची फाटकी कव्हरे काढून थेट नाडेपच्या खड्ड्यात टाकली होती. तो खड्डा मीच त्यांना बांधायला लावलेला. ‘खतात प्लॅस्टिक टाकू नका’ म्हणून मी त्याच खड्ड्याशी उभे राहून भाषणही दिले होते. आता मीच फावडे घेऊन तो उकरू लागलो. पुठ्ठे निम्मे कुजले होते, पण रेक्झिन जसेच्या तसे! शेणकाला धुऊन काढल्यावर शिवणीच्या रेघा, पायपिंगची जागा, रंगाची छटा, सगळे दिसू लागले. रेक्झिन हे मूळचे इंग्लंडमधल्या एका मालाचे नाव. कापडावर लेप देऊन कातड्यासारखे केलेले ते कापड. पुढे लेप प्लॅस्टिकचा आला, नाव तेच राहिले. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात भोरलाही असे कापड करणारा कारखाना होता. न कुजण्याच्या ज्या दुर्गुणासाठी मी त्याला शिव्या दिल्या, त्यानेच आमचे काम झाले. त्या तुकड्यांवरून कागदी फर्मे कापले. नवे हार्डबोर्ड त्याप्रमाणे कापून घेतले.

आता राहिल्या गाद्या. गेवराईत एक जुने कुशन कारागीर आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांचे वडील टांग्याच्या गाद्या शिवत. चाचांनी फियाटच्या सीटचा सांगाडा उलटा केला आणि दाभणाच्या टोकाने एकेक थर दाखवला. खाली स्प्रिंगा. त्यावर गोणपाट, म्हणजे स्प्रिंग टोचू नये. त्यावर नारळाचा काथ्या, म्हणजे भार तोलला जावा. त्यावर कापसाचा थर, म्हणजे अंगाला मऊ लागावे. मग जाड कापड आणि सर्वांत वर रेक्झिन. मी ऐकत होतो आणि मनात येत होते, अरे, हे तर निम्मे सामान शेतातलेच! ताग, काथ्या, कापूस. मोटार परदेशी कराराची, पण माणूस ज्यावर बसायचा ते सगळे रानात पिकलेले.

“फोम टाका की चाचा, लवकर होईल,” धाकटा म्हणाला. चाचा म्हणाले, “टाकतो की. पण मग तुमच्या आबांना पुन्हा कळेल. फोमवर माणूस बुडतो आणि उठतो. या गादीवर माणूस बसतो.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, तुम्ही कापसातले. मला सहा किलो गावरान कापूस आणून द्या. हा बीटीचा नको. त्याचा धागा लांब आणि बारीक, चार महिन्यांत दबून त्याची चपाती होते. गावरान आखूड, राठ असतो. दाबला तरी उसळून वर येतो.”

चाचांनी शाळा किती केली ठाऊक नाही, पण त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. देशी कापसाचा धागा आखूड आणि जाडा असतो, म्हणूनच गाद्यांना आणि दवाखान्यातल्या कापसाला तो चांगला. एके काळी मराठवाड्याच्या काळ्या रानात हाच कापूस होता. मग अमेरिकन वाण आले, संकरित आले, आणि २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाल्यावर थोड्याच वर्षांत शिवारेच्या शिवारे बीटीची झाली. त्यात माझ्यासारख्यांच्या बैठकाही आल्या. उत्पन्न वाढले हे खरे, ते मी नाकारत नाही. पण त्या दिवशी गेवराई तालुक्यात, भर कापसाच्या मुलखात, मी सहा किलो गावरान कापूस शोधायला निघालो आणि मला तो मिळेना. ओळखीच्या दहा-बारा शेतकऱ्यांना फोन केले. जिनिंगवाल्यांना विचारले. “साहेब, कोण लावतंय आता?” हेच उत्तर. कुर्ल्याच्या भंगारात हँडल सापडले, पण तलवाड्याच्या रानात गावरान कापूस सापडला नाही. तीस वर्षे कापसाचे काम केलेल्या माणसाला हे सांगताना बरे वाटत नाही.

हे मी तात्यांच्या ओट्यावर बसून सांगत होतो. आजी भाकरी करत होत्या. काही न बोलता उठल्या, माळवदाच्या खोलीत गेल्या आणि धाकट्याला हाक मारली. दोघांनी एक जुनी गादी बाहेर आणली. जाड, गडद लाल खोळीची, कडांना टाके घातलेली. आजी म्हणाल्या, “म्या लगीन होऊन आले तवा बापानं दिलेली हाय. आमच्या रानातला कापूस व्हता. दोनदा पिंजून घेतलाय. आता त्या गादीवर कोण झोपतंय? उसवा.”

तात्या म्हणाले, “आई, राहू दे.” आजींनी स्वतःच्या हाताने कात्री लावली. तीच, सुईदोऱ्याच्या डब्यातली.

पिंजारी शोधायलाही दोन दिवस गेले. तो धंदाही आता नावापुरता उरला आहे. एक जण बीडहून आला. साठ वर्षांचा कापूस, निम्मा भुगा होऊन उडाला. पण निम्मा पिंजल्यावर असा फुलला की अंगणात ढग उतरल्यासारखे झाले. साडेपाच किलो भरला. चाचा म्हणाले, “पुरे.”

छताचे अस्तर एप्रिलमध्ये बसवले. त्याचे तंत्र असे की, अस्तर तारेच्या कमानींवर ताणलेले असते आणि प्रत्येक कमानीचा बाक वेगळा. काढताना त्यांना पुढून मागे असे नंबर टाकले नाहीत तर नंतर मेळ बसत नाही. धाकट्याने एवढे मात्र आठवणीने केले होते. चाचांनी अस्तर भर दुपारी अंगणात पसरले. बीडचे एप्रिलचे ऊन, दहा मिनिटांत ते पापडासारखे तापून मऊ पडले. गरम असतानाच ताणून कडेने चिकटवले. संध्याकाळी निवल्यावर नगाऱ्याच्या कातड्यासारखे ताठ! ज्या उन्हाला आपण वर्षानुवर्षे नावे ठेवतो, त्याने असेही एक काम केले.

१० मे २०२४, अक्षय तृतीया. गाडीचे कागद पुरे व्हायचे होते, म्हणून रस्त्यावर न्यायची नाही असे मी बजावले होते. अंगणातून शेतवाटेने विहिरीपर्यंत आणि परत, एवढेच ठरले. आबांना पुढच्या बाकावर दाराशी बसवले. मधे आजी. चाकाशी तात्या. मागे धाकटा आणि मी. कोणीच काही बोलत नव्हते. आबांनी तळहाताने बाक दाबून पाहिला, दाराच्या पट्टीवर कोपर टेकले. मग उजवीकडे-डावीकडे न चाचपता हात नेमका हँडलावर गेला. काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. गाडी निघाली. विहीर येईपर्यंत आबा वाऱ्याकडे तोंड करून बसले होते.

विहिरीशी गाडी थांबल्यावर म्हणाले, “गादी जरा जास्तच भरलीया.”

आजी म्हणाल्या, “माझ्या बापाची हाय ती. बसा गप.”

आबा हसले. खूप दिवसांनी हसले, असे तात्या नंतर मला म्हणाले.

आता हिशेब, कारण तो सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. गाडीच्या आतल्या कामाला एकूण ३९,००० रुपये लागले. त्यात चाचांची मजुरी ११,००० आणि प्रवासाचे ६,५००. चुकीच्या हँडलांचे १,८०० पाण्यात गेले. बैलजोडीच्या पैशातून बरेच उरले. ते तात्यांनी कागदपत्रांसाठी ठेवले.

ज्यांच्या घरी, गोठ्यात, पडवीत अशी एखादी जुनी गाडी उभी असेल त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द. आतले काहीही काढण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो घ्या. काढलेला फाटका तुकडासुद्धा नाव घालून गोणीत भरून ठेवा, कारण तोच पुढे फर्मा होतो. हँडल, खटके घेताना दाते मोजा, पावती घ्या. कामाला आधी तालुक्यातला म्हातारा कारागीर शोधा, शहर नंतर. आणि कागदांचे म्हणाल तर, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यात सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळचे असावे लागते, पण तशी नोंदणी केली की गाडी प्रदर्शन, रॅली असल्या कामांपुरतीच बाहेर काढता येते, रोजच्या वापराला नाही. गाडी नेहमी चालवायची असेल तर साध्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. म्हणून आधी परिवहन कार्यालयात नीट विचारा, मग पैसे भरा. तात्यांनी नूतनीकरणाचा मार्ग धरला.

आमच्या खात्यात पायाभूत बियाणे म्हणून एक प्रकार असतो. ते थोडे असते, पण शुद्ध असते. त्यावरून पुढचे सगळे बियाणे तयार करायचे. ते नसेल तर पैसे ओतूनही पुढचे बियाणे तयार होत नाही. आजींच्या डब्यातले तुटके हँडल, खड्ड्यातले रेक्झिन, लाल खोळीची गादी ही सगळी त्या गाडीची पायाभूत बियाणीच होती. घरात कोणीतरी ती राखली, कधी समजून, कधी न समजता, म्हणून आम्हाला पुढचे करता आले.

त्या खरिपात तात्यांनी परभणीच्या कृषी विद्यापीठातून देशी कापसाचे बी आणले आणि बांधाकडेने दोन ओळी टोकल्या. मी पाहायला गेलो तेव्हा पिवळी फुले लागली होती. “दोन ओळींनी काय होणार, साहेब?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “एक गादी होईल.” ते म्हणाले, “मग पुरं. आईची उसवलीय, ती भरून द्यायचीय.”